जुना संगणक सुरू होत नाही? आधी कारण शोधू या

आजच्या विद्यार्थ्याला वही-पुस्तकाइतकीच संगणकाची गरज आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, नोकरीची जाहिरात, सारे काही संगणकावर आले आहे. यातील बरीच कामे मोबाईलवर होतात हे खरे. परंतु टंकलेखन, हिशेबाचे तक्ते किंवा प्रोग्रॅमिंग शिकायचे तर संगणकच हवा. नवा संगणक घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडत नाही. दुसरीकडे, कचेऱ्यांतील आणि कारखान्यांतील चांगले संगणक भंगारात जात आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि ठरावीक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे डेलची प्रिसिजन किंवा एचपीची झेड मालिका यांसारखी जुनी, पण दणकट वर्कस्टेशन्स केवळ या अटींमुळे बाद ठरतात.

१९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह आणि मोफत वाचनालय यांसारखी कामे हाती घेतली. ज्ञानाचे साधन गरीब विद्यार्थ्याच्या हाती देणे हा त्यामागील हेतू होता. आज त्या साधनांत संगणकाची भर पडली आहे. म्हणून जुने यंत्र वाचवणे हेदेखील समाजकार्यच होय.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाचा सर्व कारभार चालवणाऱ्या मूळ प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. या दोन्ही कामांच्या आधारे पुढे अनेक मुक्त प्रणाली तयार झाल्या. १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही त्यांपैकीच एक. तिची प्रत कोणीही घ्यावी, अभ्यासावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी. ज्ञान ही कोणाची मिरासदारी नाही, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आलेले दिसते.

मात्र जुन्या यंत्रावर लिनक्स बसवताना पुष्कळदा यंत्र सुरूच होत नाही. पडदा काळा राहतो किंवा इंग्रजीत एखादी ओळ येऊन सारे थांबते. मग ‘यंत्र गेले’ असे म्हणून ते भंगारवाल्याला दिले जाते. खरे तर दोष बहुधा लहान असतो.

संगणक जागा कसा होतो?

बटण दाबल्यापासून चार पायऱ्या असतात. पहिली, मदरबोर्डवरील बायॉस किंवा यूईएफआय हा प्रोग्रॅम मेमरी वगैरे भाग तपासतो. दुसरी, तो डिस्क किंवा पेनड्राइव्हवर सुरुवातीचा प्रोग्रॅम शोधतो. लिनक्समध्ये बहुधा तो ‘ग्रब’ असतो. तिसरी, ग्रब हा कर्नल मेमरीत आणतो. चौथी, कर्नल डिस्क उघडतो, पडदा व इतर भाग ताब्यात घेतो आणि नाव विचारणारी चौकट दाखवतो. यंत्र कोणत्या पायरीवर अडले हे ओळखले की निम्मे काम झाले.

नेहमी येणाऱ्या अडचणी

१) *पडद्यावर काहीच नाही, फक्त शिट्ट्या वाजतात.* हा लिनक्सचा दोष नव्हे. वीज बंद करून वायर काढावी आणि मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. तो संपला की बायॉसमधील सेटिंग पुसली जाऊ शकतात.

२) *पेनड्राइव्ह दिसत नाही.* उतरवून घेतलेली फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा एचर यांसारख्या प्रोग्रॅमने ती ‘इमेज’ म्हणून लिहावी लागते. त्याआधी संकेतस्थळावर दिलेल्या शा-२५६ या आकड्याशी फाइल जुळते का ते पाहावे. अर्धवट उतरलेली फाइल पुढे गोंधळ घालते. नंतर बूट मेनू उघडावा. डेल व लेनोव्होच्या यंत्रांत बहुधा एफ-१२ आणि एचपीच्या यंत्रांत एफ-९ ही कळ त्यासाठी असते.

३) *प्रोसेसर चालत नाही असा संदेश येतो.* प्रणाली ६४ बिटची आणि यंत्र ३२ बिटचे असेल तर असे होते. डेबियनच्या २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत ३२ बिटच्या यंत्रासाठी इन्स्टॉलर नाही. २०२३ मधील १२ व्या आवृत्तीत तो आहे.

४) *बसवणे पूर्ण झाले, पण ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येते.* बहुतेक वेळा येथे जुनी बायॉस पद्धत आणि नवी यूईएफआय पद्धत यांची गल्लत झालेली असते. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू केला, त्याच पद्धतीने डिस्कही सुरू व्हावी लागते. सेटिंगमध्ये एकच पद्धत ठरवून पुन्हा बसवावे. काही यूईएफआय यंत्रे ग्रबला त्याच्या नेहमीच्या जागी शोधतच नाहीत. अशा वेळी डेबियनच्या पेनड्राइव्हवरील रेस्क्यू मोडमध्ये जाऊन ग्रबची प्रत ‘रिमूव्हेबल मीडिया’च्या जागी ठेवण्याचा पर्याय निवडावा.

५) *‘ग्रब रेस्क्यू’ असे लिहून येते.* ग्रबचा पहिला तुकडा सापडला, पण त्याच्या बाकीच्या फाइल सापडल्या नाहीत, असा याचा अर्थ. डिस्कचे भाग पुसले किंवा बदलले की असे होते. रेस्क्यू मोडमधून ग्रब पुन्हा बसवावा. बायॉस पद्धतीच्या यंत्रात डिस्कची विभागणी जीपीटी प्रकारची असेल, तर ग्रबसाठी १ एमबीचा स्वतंत्र ‘बायॉस बूट’ भाग ठेवावा.

६) *ग्रब दिसतो, नंतर पडदा काळा होतो.* वर्कस्टेशनमधील जुन्या ग्राफिक्स कार्डांबाबत हे अनेकदा घडते. ग्रबच्या यादीवर ‘ई’ ही कळ दाबावी, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत जोडून लिहावा आणि एफ-१० दाबावे. हा उपाय त्या एका वेळेपुरता असतो. यंत्र सुरू झाल्यावर कार्डाला योग्य ड्रायव्हर बसवावा.

७) *डिस्क सापडत नाही.* सेटिंगमध्ये साटा डिस्कची पद्धत ‘रेड’ असेल तर ती ‘एएचसीआय’ करून पाहावी. त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचे असेल तर मात्र हा बदल विचारपूर्वक करावा. पूर्वतयारीशिवाय विंडोज सुरू होणार नाही.

एका वेळी एकच बदल

बँकेत दिवसअखेर एका रुपयाचा फरक आला तरी आम्ही सगळी खाती नव्याने लिहीत नाही; एकेक नोंद ताळून पाहतो. येथेही तेच करावे. पडद्यावरील संदेश वहीत जसाच्या तसा उतरवावा. एक बदल करावा आणि काय झाले ते लिहावे. फायदा झाला नाही तर तो बदल मागे घेऊन पुढचा करावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने काम झाले ते कळत नाही, आणि पुढचे यंत्र आले की पुन्हा अंधार. आणखी एक सूचना अशी की, जुन्या डिस्कवर कोणाची कागदपत्रे असतील तर आधी मालकाला विचारावे. लिनक्स बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.

भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगून थांबवले नाही. दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि त्याचा मार्ग आहे, असे शिकवले. नशिबाला बोल लावणे हा धम्माचा मार्ग नव्हे. एका यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण संदेश वाचून, कारण शोधून यंत्र सुरू करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जो आत्मविश्वास मिळतो तो क्षुल्लक नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, एखादा संगणक भंगारात निघाला तर त्याला एक रविवार द्या. समाजबांधवांनी आपल्या कचेरीतून निघणाऱ्या यंत्रांची रीतसर चौकशी करावी. चालू झालेला प्रत्येक संगणक म्हणजे अभ्यासिकेतील एक नवे आसन होय.

जयभीम! नमो बुद्धाय!