दरबाराने नाकारलेली इंग्रजी

इंग्रजी आपल्याकडे आली ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. त्यामुळे ती पहिल्यापासून सत्तेच्या मांडीवर वाढली असेल, असे आपण सहज धरून चालतो. पण खुद्द इंग्लंडच्या दरबारात आणि न्यायालयात तिला सुमारे तीनशे वर्षे मान नव्हता. आजची इंग्रजी बऱ्याच अंशी घडली ती त्याच उपेक्षेच्या काळात.

तिचा आरंभ पाचव्या शतकातला. रोमन सैन्य ब्रिटनमधून निघून गेल्यावर आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या बाजूने अँगल, सॅक्सन आणि ज्यूट टोळ्या समुद्र ओलांडून आल्या. त्यांच्या बोलींतून उभ्या राहिलेल्या जुन्या इंग्रजीचे व्याकरण मराठी माणसाला ओळखीचे वाटेल. नामांना तीन लिंगे, विभक्तीचे प्रत्यय, लिंगवचनाप्रमाणे बदलणारी विशेषणे. ‘बेओवुल्फ’ हे महाकाव्य याच भाषेतले; आजच्या इंग्रजालाही ते मुळातून वाचायचे तर ही भाषा परकी भाषा शिकावी तशी शिकावी लागते.

793 मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांची धाड पडली. पुढे त्यांच्यातले अनेक जण उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेतीवाडी करून राहिले. त्यांची नॉर्स भाषा इंग्रजीच्या नात्यातली. मूळ शब्द पुष्कळसे सारखे, प्रत्यय तेवढे वेगळे. बाजारात आणि शेताच्या बांधावर बोलताना अडचण व्हायची ती प्रत्ययांचीच. ते झिजण्यामागे हा सहवास मोठे कारण होता, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘स्काय’, ‘नाइफ’, ‘विंडो’, ‘लॉ’ हे शब्द नॉर्समधून आले आणि ‘दे’, ‘देम’ ही सर्वनामेही तिथलीच. भाषा सर्वनामे क्वचितच उसनी घेते. हे दोन समाज एकमेकांत किती मिसळले होते, ते यावरून कळते.

1066 मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा विल्यम जिंकला आणि इंग्लंडचे राजघराणे, सरदार, धर्माधिकारी फ्रेंच बोलू लागले. लिखापढी लॅटिनमध्ये, कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये, आणि इंग्रजी उरली नांगरामागे चालणाऱ्यांच्या तोंडी. तिला कोणी शुद्ध राखायला नव्हते. लिंगभेद गेला, विभक्तिप्रत्यय गळाले, आणि वाक्याचा अर्थ शब्दांच्या क्रमावर तोलला जाऊ लागला. ‘जज’, ‘प्रिझन’, ‘पार्लमेंट’, ‘टॅक्स’ असे हजारो फ्रेंच शब्द तिने पचवले. 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये कायद्याचा कीस फ्रेंचमध्येच पाडला जात होता.

फासे हळूहळू पालटले. 1204 मध्ये नॉर्मंडी हातची गेली आणि सरदारांचे फ्रान्सशी असलेले धागे सैल झाले. 1348 पासून प्लेगने लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी गिळला. जगलेल्या कष्टकऱ्यांची किंमत वाढली आणि त्यांच्या भाषेचीही. अखेर 1362 च्या कायद्याने न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत करावा असे ठरले, कारण लोकांना फ्रेंच कळत नव्हती. तो कायदाही लिहिला गेला फ्रेंचमध्येच! त्याच शतकाच्या उत्तरार्धात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ लंडनच्या इंग्रजीत रचल्या, आणि 1417 पासून पाचवा हेन्री आपली पत्रे इंग्रजीत धाडू लागला.

1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. त्याने एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. केंटच्या किनाऱ्यावर वाऱ्याची वाट पाहणाऱ्या एका व्यापाऱ्याने एका बाईकडे ‘एगिस’, म्हणजे अंडी, मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तिच्याकडे अंड्यांना ‘आयरेन’ म्हणत! एवढ्या बोलींच्या देशात कुठली इंग्रजी छापायची, हा कॅक्स्टनपुढचा खरा पेच होता. छापखान्याने लंडनची बोली उचलली आणि शब्दांची लेखनरूपे हळूहळू स्थिर होत गेली. उच्चार मात्र त्याच काळात ढवळून निघत होते. साधारण 1400 ते 1700 या काळात दीर्घ स्वर जागा सोडून सरकले. ‘टाइम’मधला ‘आइ’ पूर्वी ‘ई’ होता, ‘हाउस’मधला ‘आउ’ पूर्वी ‘ऊ’. चॉसरच्या काळी ‘नाइफ’च्या आरंभीचा ‘क’ उच्चारला जाई. तो बोलण्यातून गेला, कागदावर राहिला. आपल्या मुलांना स्पेलिंगे घोकावी लागतात त्याचे मोठे कारण हे.

पुढची वाटचाल वेगाची. शेक्सपिअरची नाटके, 1611 चे बायबल, आणि लॅटिन-ग्रीकमधून आलेल्या शास्त्रीय शब्दांचा पूर. 1712 मध्ये जोनाथन स्विफ्टने भाषा स्थिर करणारी संस्था मागितली. ती झाली नाही. 1755 चा कोश सिद्ध करताना सॅम्युएल जॉन्सनला उमगले की जिवंत भाषा कोशात कोंडता येत नाही. ही भाषा जहाजांतून जगभर गेली आणि वाटेत शब्द गोळा करत राहिली. मराठी मुंगूस ‘मंगूस’ होऊन तिच्यात जाऊन बसले. 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत निघाला, तो इथल्या लोकांची भाषा राज्यकर्त्यांना टाळता येत नव्हती म्हणून.

या प्रवासातून आपण काही घ्यायचे असेल तर ते हे. परके शब्द आल्याने इंग्रजी मेली नाही, व्याकरण झिजल्यानेही मेली नाही. तिचे लोक घरात तीच बोलत राहिले, आणि संधी येताच त्यांनी ती न्यायालयात, ग्रंथात, विज्ञानात नेली. मराठीची चिंता वाहताना शब्दांच्या सोवळ्याओवळ्यावर आपण पुष्कळ शक्ती खर्च करतो. ती शक्ती मराठीतून निकाल लिहिण्यावर, विज्ञान शिकवण्यावर आणि व्यवहार करण्यावर लावली, तर भाषा स्वतःच्या बळावर उभी राहील.