बंद दारामागचा दिवस

संसर्गजन्य रोगाची साथ पसरली की आजारी माणसांबरोबर धडधाकट दिसणाऱ्या माणसांनाही काही दिवस घरात थांबावे लागते. या दोन प्रकारच्या थांबण्यात वैद्यकशास्त्र फरक करते: रोगाचे निदान झालेल्या रुग्णाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण, तर रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, पण अजून कोणतेही लक्षण नसलेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण, अर्थात सर्वांच्या तोंडी बसलेले क्वारंटाइन. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंतच्या काळाला अधिशयनकाळ म्हणतात; कोविडच्या सुरुवातीच्या काळात तो बहुतेकांमध्ये पाच-सहा दिवसांचा असला तरी १४ दिवसांपर्यंत लांबू शकतो असे आढळल्यामुळे १४ दिवसांची मुदत ठरवण्यात आली. उपाय तसा जुनाच आहे. आजच्या क्रोएशियातील दुब्रोवनिक, म्हणजे तेव्हाचे रागुसा, या बंदराने १३७७ मध्ये प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला होता. मुदत किती असावी याचे शास्त्र त्यानंतर पुष्कळ पुढे गेले. त्या मुदतीत माणसाने दिवस कसे काढावेत हा प्रश्न मात्र बराच काळ ज्याच्या त्याच्यावर सोडून देण्यात आला.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृह-अलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर, पंजाच्या मागच्या बाजूस, मतदानाच्या वेळी वापरतात त्या न पुसल्या जाणाऱ्या शाईने शिक्का मारला जाऊ लागला आणि त्यावर मुदत संपण्याची तारीखही असे. तारीख अशी हातावरच उमटलेली असली, तरी तिथपर्यंतचे दिवस कसे जातील याबद्दल ‘मन खंबीर ठेवा’ आणि ‘सकारात्मक राहा’ यापलीकडे फारसे काही सांगितले जात नव्हते. हा सल्ला सद्भावनेने दिलेला असला तरी अपुरा होता. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सार्स, इबोला यांसारख्या आधीच्या साथींतील अलगीकरणाविषयीचे २४ अभ्यास तपासलेले होते. लांबत जाणारी मुदत, संसर्गाची भीती, कंटाळा, अन्न-औषधांची टंचाई, अपुरी किंवा परस्परविरोधी माहिती, बुडालेले उत्पन्न आणि लोकांनी दिलेली हीन वागणूक ही मानसिक त्रासाची कारणे त्यात पुढे आली. यांतील बहुतेक कारणे परिस्थितीतली आहेत, स्वभावातली नाहीत. त्यामुळे घरात अडकलेल्या माणसाचे स्वास्थ्य त्याच्या मनोबलापेक्षा त्याच्या दिवसाच्या आखणीवर आणि भोवतालच्या माणसांच्या वागण्यावर अधिक अवलंबून असते, असे मानणे योग्य ठरेल.

आखणीची सुरुवात उजेडापासून करावी लागते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि झोप, भूक, शरीराचे तापमान व संप्रेरके यांचे चोवीस तासांचे वेळापत्रक तो सांभाळतो. यालाच जैविक घड्याळ म्हणतात. हे घड्याळ रोज लावावे लागते आणि ते लावले जाते सकाळच्या प्रकाशाने. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. घरातल्या दिव्यांखाली ती साधारण काहीशे लक्सच्या आत राहते, तर ढगाळ दिवशीही बाहेर ती हजारोंत आणि भर उन्हात लाखाच्या घरात जाते. साहजिकच दिवसभर पडदे ओढून ट्यूबलाइटखाली बसणाऱ्या आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहणाऱ्या माणसाच्या शरीराला दिवस कधी उजाडला आणि रात्र कधी झाली याचा पत्ताच लागत नाही. झोप पुढे सरकत जाते, भूक अवेळी लागते आणि चिडचिड वाढते. उठल्यावर अर्धा तास खिडकीत, गॅलरीत किंवा इतरांचा संपर्क टाळता येत असेल तर गच्चीवर काढणे आणि उठण्याची वेळ न बदलणे, एवढ्या दोन गोष्टींनी पुढचे पुष्कळसे आपोआप मार्गी लागते.

याची एक विलक्षण कसोटी १८९८ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात लागली होती. आद्रियाँ द जेर्लाश यांच्या नेतृत्वाखालील ‘बेल्जिका’ हे जहाज बर्फात अडकले आणि त्यावरील माणसांना सुमारे ७० दिवस सूर्य दिसला नाही. माणसे फिकट आणि सुस्त झाली, काहींच्या मनाचा तोल ढळू लागला. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी समजुतीच्या गोष्टी सांगण्यावर भिस्त ठेवली नाही; खचलेल्या खलाशांना त्यांनी रोज शेगडीच्या धगीसमोर आणि उजेडात बसवले, जहाजाभोवती बर्फावरून फेऱ्या मारायला लावल्या आणि नकोशा वाटणाऱ्या पेंग्विन व सील यांच्या ताज्या मांसाचा आहार दिला. ताज्या मांसातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे स्कर्व्ही हा आजार हटतो हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते, पण माणसे सुधारली आणि मार्च १८९९ मध्ये जहाज बर्फातून सुटले. उजेड, चालणे आणि ताजे अन्न या तीन गोष्टींचा आधार कुक यांनी केवळ निरीक्षणातून शोधला होता, हे विशेष आहे.

हालचालीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेली शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे. ही मिनिटे दहा बाय बाराच्या खोलीतही भरता येतात; सूर्यनमस्कार, जागच्या जागी चालणे, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणे यांसाठी कोणतेही साधन लागत नाही. मात्र हे निरोगी माणसासाठी झाले. ताप किंवा धाप असलेल्या रुग्णाने व्यायामाचा हट्ट धरू नये.

कंटाळ्याच्या बाबतीत लोक बहुधा उलटा क्रम गृहीत धरतात. आधी मन लागेल आणि मग काम सुरू होईल, अशी त्यांची अपेक्षा असते. नैराश्यावरील उपचारांत १९७० च्या दशकापासून रुजलेली वर्तन-सक्रियता ही पद्धत याच्या नेमकी विरुद्ध सांगते: छोटे, ठरलेल्या वेळेचे आणि शेवटास नेता येण्याजोगे काम आधी हाती घ्यावे, उत्साह त्याच्या मागून येतो. डबे घासणे, मेथी निवडणे, जुन्या फोटोंच्या मागे नावे-तारखा लिहिणे ही कामे क्षुल्लक दिसली तरी त्यांना आरंभ आणि शेवट असतो, आणि अलगीकरणात नेमकी त्याचीच उणीव भासते. विचारांच्या बाजूने अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती उपयोगी पडते. मराठी वाचकांना तिची ओळख कि. मो. फडके यांच्या लेखनातून झाली. घटनेपेक्षा घटनेविषयीची आपली हटवादी धारणा आपल्याला अधिक छळते, हे तिचे मुख्य सूत्र आहे. ‘हे दिवस असह्य आहेत’ या वाक्याच्या जागी ‘हे दिवस त्रासाचे आहेत, पण सोसता येतील’ हे वाक्य ठेवल्याने परिस्थिती बदलत नाही, तरी तिच्याशी झगडण्यात वाया जाणारी शक्ती वाचते.

तथापि आखणीची ही सारी चर्चा स्वतंत्र खोली असलेल्या घराला धरून होते, आणि महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांकडे ती खोली नाही. धारावीत सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ ते दहा लाख माणसे राहतात, एकेक शौचालय अनेक कुटुंबे वापरतात. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण आढळल्यावर महापालिकेने घरातच थांबण्याचा आग्रह सोडून शाळा आणि क्रीडासंकुलांत संशयितांची सोय केली, हा निर्णय शहाणपणाचा होता. कोकणात आणि घाटावर मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांनी गावच्या प्राथमिक शाळेत किंवा शेतातल्या खोपटात दिवस काढले, आणि जेथे गावाने जेवणाचा डबा वेळेवर पोचवला तेथे ते दिवस सुसह्य झाले. घरातल्या बाईची स्थिती तर वेगळ्याने सांगायला हवी. रुग्णाचे ताट-वाटी निराळे घासायचे, गुळण्यांचे पाणी गरम करायचे, ताट दाराबाहेर ठेवून मागे सरायचे आणि शिवाय दिवसभर घरात असलेल्या सर्वांचे खाणेपिणे पाहायचे, हे सगळे तिच्याच वाट्याला येते. कामाची वाटणी न करता घरातल्या आनंदाविषयी बोलणे हा तिच्यावरचा अन्याय आहे.

शेजाऱ्यांच्या वागण्याचेही तसेच आहे. दारावर चिकटवलेला कागद पाहून दूधवाल्याला थांबवणे, जिना बदलणे, मुलांना त्या घराकडे पाहूसुद्धा न देणे यांतून वाळीत टाकल्याची भावना निर्माण होते आणि मग लोक लक्षणे लपवू लागतात, म्हणजे साथीलाच मदत होते. सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज रुग्णांच्या घराबाहेर असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले होते. भाजीची पिशवी दाराला अडकवून फोन करणारा एक शेजारी त्या घरासाठी शंभर उपदेशांपेक्षा मोलाचा असतो.

बातम्यांना दिवसातून दोन ठराविक वेळा नेमून द्याव्यात आणि फॉरवर्ड होऊन आलेले उपचार करू नयेत. घरात रुग्ण असल्यास ताप आणि ऑक्सिजनचे प्रमाण वेळेसह वहीत लिहावे. ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली गेला, धाप वाढली किंवा बोलण्यात असंबद्धता आली तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मनाच्या बाबतीतही हीच तत्परता हवी: सतत दोन आठवडे उदास वाटणे, झोप उडणे, कशातच रस न उरणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही उपचार घेण्याची कारणे आहेत, आणि शेवटच्या लक्षणासाठी तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरातल्या वहीत, डॉक्टरांच्या क्रमांकाशेजारी, आजच लिहून ठेवावा.