दुधाची डिग्री आणि सोन्याचा जुळा

पहाटे दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागलेली असते. केंद्रावरचा माणूस वाडगंभर दूध उंच नळकांड्यात ओततो आणि त्यात काचेचा लॅक्टोमीटर सोडतो. खाली वजन भरलेला फुगा, वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. तो दोन-तीनदा डुलतो आणि स्थिरावतो. ‘सव्वीस!’ किटलीवाल्याचा चेहरा पडतो. काल तीस लागली होती, आणि पाण्याचा थेंबही घातलेला नाही, असं तो शपथेवर सांगतो.

शपथ खरीही असू शकते, पण आधी ही ‘डिग्री’ म्हणजे काय ते पाहू. ती तापमानाची नव्हे आणि कोनाचीही नव्हे. ३० डिग्री म्हणजे १.०३०, त्यातले फक्त शेवटचे दोन आकडे. एक लिटर पाणी भरतं साधारण एक किलो, तेवढंच हे दूध भरतं एक किलो तीस ग्रॅम. पदार्थ पाण्याच्या किती पट जड, हे सांगणाऱ्या या आकड्याला एकक नसतं. किलो आणि किलो एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो नुसता आकडा. पाठ्यपुस्तकं त्याला सापेक्ष घनता म्हणतात, जुनी माणसं विशिष्ट गुरुत्व. जुना शब्द ऐकून मुलांना न्यूटनचं सफरचंद आठवतं, पण इथे गुरुत्वाकर्षणाचा संबंध नाही. गुरू म्हणजे जड, एवढंच. चंद्रावर डेअरी काढली तरी डिग्री तीसच लागेल.

लॅक्टोमीटर तराजूवाचून हे कसं सांगतो? तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकाच द्रव बाजूला सारते. द्रव जड असेल तर थोडा सारून भागतं, हलका असेल तर जास्त सारावा लागतो, म्हणजे खोल बुडावं लागतं. दुधात पाणी मिसळलं की नळी खाली जाते. शंभरात दहा भाग पाणी मिसळलेलं तीस डिग्रीचं दूध सत्तावीसवर येतं.

आता त्या शपथेकडे. लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानासाठी आखलेला असतो आणि कोमट दूध प्रसरण पावून हलकं झालेलं असतं. त्यातून दूध धारोष्ण असेल तर त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात, स्निग्धांशही अजून द्रवरूप असतो. तेच दूध काही तास थंड होऊ दिलं की डिग्री वर चढते. तापमानाची दुरुस्ती न करता आकडा पुकारणारा मापाडी म्हणूनच नकळत अन्याय करतो.

आणि खरा लबाड सहीसलामत सुटतो. दुधातली साखर, प्रथिनं, क्षार पाण्यापेक्षा जड, तर स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, ०.९३च्या आसपास. ४ टक्के फॅटच्या, ३० डिग्रीच्या दुधावरची सगळी साय काढून घेतली तर उरलेलं दूध पातळ दिसलं तरी हलकं होत नाही. उलट डिग्री ३४च्या वर जाते. मग त्यात लिटरमागे साधारण दीडशे मिलिलिटर पाणी घातलं की पुन्हा बरोब्बर तीस. दोनदा चोरी, आणि लॅक्टोमीटर म्हणतो ‘पास’.

दोष उपकरणाचा नाही. आकडा एक आणि अज्ञात गोष्टी दोन, हा खरा घोळ आहे. म्हणूनच दुधाचा दर आज फॅट आणि एसएनएफ या जोडीवर ठरतो. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर जाहीर होतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून. फॅट वेगळा मोजायचा, डिग्रीला चारने भागायचं, त्यात फॅटचा काही अंश आणि एक छोटा स्थिरांक मिळवायचा, की स्निग्धांश वगळता उरलेले घनघटक, म्हणजेच एसएनएफ, निघतात. सायीची चोरी फॅटमध्ये पकडली जाते, पाण्याची एसएनएफमध्ये. तरीही युरिया किंवा साखर घालून एसएनएफ फुगवणारे निघतातच. त्यांच्यासाठी रासायनिक चाचण्या कराव्या लागतात.

सोन्याच्या बाबतीत आर्किमिडीज नशीबवान होता. सिराक्यूजच्या राजा हायरोच्या मुकुटात चांदी मिसळलीय का, एवढाच प्रश्न होता. घटक दोनच, त्यामुळे एका आकड्यावर भागलं. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, चांदी १०.५ पट. मात्र मुकुट बुडवून सांडलेलं पाणी मोजल्याची जी गोष्ट रोमन लेखक विट्रुवियसने सांगितली, ती हिशेबात ढिली पडते. किलोभराच्या मुकुटात तीनशे ग्रॅम चांदी घातली तर जास्तीचं पाणी सांडणार जेमतेम १३ मिलिलिटर. वीस सेंटिमीटर रुंद भांड्यात पातळीचा फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! गॅलिलिओला हे पटलं नव्हतं. १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने छोट्या तराजूवर एक टिपण लिहिलं. वस्तू आधी हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून. किलोभर शुद्ध सोनं पाण्यात ९४८ ग्रॅम भरेल, भेसळीचा मुकुट ९३५. तेरा ग्रॅमचा फरक तराजू सहज दाखवतो. मला तर आर्किमिडीजच्या न्हाणीघरातल्या धावपळीपेक्षा गॅलिलिओचं हे शांत टिपण अधिक आवडतं.

पण सोन्यालाही एक जुळा आहे. टंगस्टनचं विशिष्ट गुरुत्व १९.२५. सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची लगड तराजूला आणि पाण्याला, दोघांनाही चकवते. आर्किमिडीज वाचला, कारण हा धातू वेगळा काढायला १७८३ साल उजाडावं लागलं.

कधीकधी आकडा मोजायचाही नसतो, फक्त उंबरठा आखायचा असतो. रक्तदान शिबिरात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावात सोडताना तुम्ही पाहिलं असेल. तो मोरचुदाचा द्राव, नेमका १.०५३ विशिष्ट गुरुत्वाचा. थेंब पंधरा सेकंदांत खाली गेला तर हिमोग्लोबिन साधारण साडेबाराच्या वर आहे, दाता चालेल. कोकणात भात पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून बियाणं ओततात, त्यामागे हाच न्याय. पोकळ, पळिंज दाणे साध्या पाण्यातही वर येतात, पण अर्धवट भरलेला दाणा तिथे बुडून चांगल्यांत मिसळतो. मीठ पाण्याला थोडं जड करतं, आणि तोही उघडा पडतो. तळाशी राहिलेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत सुकवायचं.

घरी करून पाहायचं असेल तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. आधी भरीव अंगठी तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि अंगठी दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडा, तळाला किंवा कडेला न टेकवता. आता काटा दाखवेल ते वजन अंगठीने बाजूला सारलेल्या पाण्याचं. पहिल्या वजनाला त्याने भागा. दहा ग्रॅमची अंगठी ०.५६ ग्रॅम दाखवत असेल तर उत्तर १७.९ येतं. २२ कॅरेटचं सोनं तांबं-चांदीच्या प्रमाणानुसार साडेसतरा ते अठराच्या दरम्यान बसतं, १८ कॅरेटचं साडेपंधराच्या आसपास. अंगठीला चिकटलेला हवेचा बुडबुडा आधी ब्रशने काढून टाका, नाहीतर उगाच सोनाराशी भांडण व्हायचं. आणि आजीच्या लाख भरलेल्या पाटल्यांवर हा प्रयोग करू नका. लाखेचं विशिष्ट गुरुत्व एकच्या जरासं वर असतं, त्यामुळे पाटल्या अस्सल असूनही खोट्या ठरतील.