पखवाजाची जुळणी

रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळील कोनसारख्या गावी, भजन म्हटले की पखवाज आलाच. त्याचे लाकडी खोड आतून पोकळ असते. दोन्ही तोंडांवर कातड्याच्या पुड्या बसवून त्या वादीने आवळतात. उजवी पुडी लहान. तिच्यावर काळी शाई कायमची असते. डावीला मात्र दर वेळी भिजविलेली कणीक लावावी लागते. येथेच वादकाची परीक्षा! कणीक थोडी पडली, तर नाद खोल उतरत नाही. फार झाली, तर तो दबतो. मग वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने सरकवून व गजऱ्यावर कडेकडेने हलके घाव घालून उजवी पुडी गाणाऱ्याच्या स्वराशी मिळवितात. भजन संपताच कणीक खरवडून काढतात. ती वाळली, तर कातडे खराब होते.