लाल विंचू, प्राझोसीन आणि रायगडचे डॉक्टर दांपत्य

नागावपासून महाडपर्यंतच्या रायगड जिल्ह्यात लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकदा जीवघेणा ठरे, कारण त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावून हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि घाम यांच्या नोंदी ठेवल्या व प्राझोसीन, म्हणजे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैलावणारे औषध, या दंशावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले. पत्नी डॉ. प्रमोदिनी याही या संशोधनात सहभागी असून, दोघांचा अभ्यास 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. वाडीत विंचू चावून दरदरून घाम, उलटी किंवा हातपाय गार पडणे दिसल्यास मंत्र-तोडग्यात वेळ न दवडता ताबडतोब रुग्णालय गाठावे.