बळवंत मंडळीचा तेजस्वी गळा

मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा गळा मुळातच चपळ. २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातल्या मंगेशीत त्यांचा जन्म झाला आणि पोरवयातच किर्लोस्कर नाटक मंडळीने त्यांना उचललं. १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा विशीही उलटली नव्हती.

गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधली लतिका, ‘रणदुंदुभि’तली तेजस्विनी या त्यांच्या स्त्रीभूमिका गाजल्या. ‘मानापमान’मध्ये ते धैर्यधर झाले आणि काही पदांच्या चालीच त्यांनी बदलून टाकल्या. गोविंदराव टेंब्यांच्या ठरलेल्या चालींना हात लावायचा म्हणजे धाडसच! बालगंधर्वांच्या लडिवाळ गायकीवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांपुढे हा गायक पंजाबी ढंगाच्या हरकती आणि विजेसारख्या ताना घेऊन उभा राहिला. काहींना ती नुसती आतषबाजी वाटली. पण तिच्यामागे रामकृष्णबुवा वझ्यांची तालीमही होती.

१९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदा बोलू लागला. नाटक मंडळी म्हणजे फिरता संसारच: नट, साथीदार, आचारी, पडदे, पेटारे, गाडीभाडं. खेळ लागो न लागो, पंगत रोज बसायचीच. बोलपटाचे डबे मात्र एकट्या माणसाने गावोगाव न्यावेत. तिकीट स्वस्त, शिवाय पडद्यावर स्त्रियाच नायिका.

बळवंत मंडळी मग स्वतःच चित्रपटात उतरली. सांगलीच्या बळवंत पिक्चर्सने १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ मराठी-हिंदीत काढला. दिग्दर्शनात कोल्हटकरांसोबत तरुण विश्राम बेडेकर होते. चित्रपट चालला नाही. मंडळी कर्जात बुडाली, नाटकंही थांबली. दोष एकट्या बोलपटाला देणं सोपं आहे. पण नाटकाची मिळकत अनोळखी धंद्यात ओतण्याचा निर्णय मंडळीचाच होता. शिवाय समोरच्या श्रोत्याची दाद घेत जागच्या जागी फुलणाऱ्या गाण्याला कॅमेऱ्यापुढे मोकळं रान कुठलं मिळायला?

पुढची वर्षं ओढाताणीची गेली. प्रकृती ढासळली आणि २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी. थोरली मुलगी लता तेव्हा बारा वर्षांची होती. घर चालवायला तिने चित्रपटांत कामं धरली. ‘पहिली मंगळागौर’ त्याच वर्षीचा. दीनानाथांची नाट्यगायकी पुढे नेली ती वसंतराव देशपांड्यांनी, त्यात स्वतःची भर घालून.