विकतचे दुवे आणि संस्थेची निवड

कोकणातील आंबा उत्पादकांचा गट असो, पैठणी विणणाऱ्या कारागिरांची सहकारी संस्था असो, की शेतावर पाहुण्यांची सोय करणारे कृषिपर्यटन केंद्र असो, आपला माल दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचविण्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. संकेतस्थळ तयार करून घेणे हे त्या मानाने सोपे काम होय. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मुंबईतील ग्राहक मोबाइलवर ‘हापूस आंबा’ ही अक्षरे लिहून शोध घेतो, तेव्हा गुगलसारखे शोधयंत्र त्याच्यापुढे पानांची लांबलचक यादी ठेवते. आणि यादीच्या आरंभीची काही नावे सोडली तर पुढे जाण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. गटाचे नाव त्या यादीत फार खाली असेल, तर संकेतस्थळ असून नसल्यासारखे होते.

नेमक्या याच वेळी गटाच्या पत्त्यावर अनोळखी कंपन्यांची पत्रे येऊ लागतात. दरमहा अमुक इतकी रक्कम द्या, आम्ही शंभर दुवे मिळवून देतो, तीन महिन्यांत पहिला क्रमांक निश्चित, असा त्यांचा मजकूर असतो. या व्यवसायास ‘लिंक बिल्डिंग’, म्हणजे दुवे मिळवून देण्याची सेवा, असे म्हणतात. गटाच्या सभासदांची बचत अथवा प्रसंगी अनुदानाची रक्कम या कामी खर्च होणार असते, आणि सल्ला विचारला जातो तो गावातील शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा पंचायत सदस्याला. यास्तव हा व्यवहार काय आहे, हे त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दुव्याचे मोल

एका संकेतस्थळावरील ज्या शब्दांवर बोट ठेवले असता दुसरे संकेतस्थळ उघडते, त्या जोडणीस दुवा म्हणतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या जोडण्यांचा एक नवा उपयोग मांडला. त्याच वर्षी त्यांनी गुगल कंपनीची स्थापना केली. विद्वानांच्या जगात एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर निबंधांत वारंवार होऊ लागला की त्याची प्रतिष्ठा वाढते. हाच न्याय त्यांनी संकेतस्थळांना लावला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा देणे म्हणजे त्याच्या बाजूने शब्द टाकणे होय, असे त्यांनी मानले. ‘पेजरँक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत दुव्यांची नुसती गणती होत नाही. ज्या पानाकडे स्वतःकडेच अनेक वजनदार दुवे आलेले आहेत, त्याने दिलेला दुवा अधिक मोलाचा ठरतो. मात्र त्याच पानाने शेकडो जणांना दुवे वाटले, तर ते वजन सर्वांत विभागले जाते.

गावातील व्यवहार याहून निराळा नाही. मुख्याध्यापकांनी एखाद्या मुलाविषयी चांगला शब्द सांगितला तर त्यास किंमत असते. येईल त्याला शिफारसपत्र देणाऱ्याच्या सहीकडे कोणी पाहतही नाही. आजचे शोधयंत्र पानाचा मजकूर, त्याची उपयुक्तता आणि इतर अनेक बाबीही विचारात घेते. तथापि दुव्यांचे महत्त्व पूर्णपणे संपलेले नाही, आणि म्हणूनच त्यांचा बाजारही संपलेला नाही.

हा बाजार रोखण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. २००५ च्या जानेवारीत गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी दुव्यास ‘नोफॉलो’ ही खूण लावण्याची सोय मान्य केली. अशी खूण असलेला दुवा वाचकाला इच्छित पानावर नेतो, परंतु तो शिफारस म्हणून मोजावयाचा नाही असे शोधयंत्राला कळते. २०१९ मध्ये गुगलने पैसे देऊन मिळविलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही स्वतंत्र खूण सुरू केली. म्हणजे जाहिरातीस बंदी नाही. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर पैसे देऊन आपली जाहिरात द्यावी, तीत दुवा असावा, फक्त त्यावर ही खूण असावी. खूण न लावता दुवा विकत घेणे, पैशांऐवजी माल वा सेवा देऊन तो मिळविणे, क्रमांक वाढविण्याच्या हेतूने परस्परांत मोठ्या प्रमाणावर दुव्यांची देवाणघेवाण करणे, हे सारे गुगलच्या नियमांनुसार गैर आहे. येथे कायद्याचा प्रश्न नाही. शोधयंत्र ज्याच्या मालकीचे, त्याचा हा नियम आहे, आणि तो मोडल्याची शिक्षाही तोच देतो.

एका मोठ्या दुकानाचा अनुभव

ही शिक्षा कशी असते याचे सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचे आहे. २०१० च्या नाताळच्या हंगामात पोशाख, बिछाने, गालिचे अशा अगदी साध्या शब्दांचा शोध घेतला तरी या कंपनीचे नाव अग्रभागी येत असे. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या वृत्तपत्राने त्यामागील कारण उघडकीस आणले. कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर या दुकानाकडे नेणारे दुवे पेरण्यात आलेले होते. गुगलने हस्तक्षेप केला, तेव्हा प्रवासी बॅगांच्या एका शोधात सायंकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेले दुकान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेले. दिवाणखान्यातील फर्निचरच्या शोधात ते पहिल्यावरून ६८ वर आले. हे दुवे आपल्या संमतीने लावलेले नाहीत, असा खुलासा कंपनीने केला आणि शोधविषयक कामासाठी नेमलेल्या सल्लागार संस्थेशी असलेला संबंध तोडला. परंतु क्रमांक गेला तो दुकानाचा, सल्लागाराचा नव्हे. ही स्थिती सुमारे तीन महिने टिकली.

जे. सी. पेनीसारख्या अवाढव्य व्यवसायाला तीन महिन्यांचा फटका सोसता आला. आंब्याच्या गटाचा मुख्य हंगामच मार्च ते मे असा तीन महिन्यांचा असतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. इंग्लंडमधील इंटरफ्लोरा या फुलांच्या कंपनीचा प्रसंग तर थेट हंगामाशीच निगडित आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेथील मातृदिन जवळ आला असताना, स्वतःच्या नावाच्या शोधातूनही ही कंपनी दिसेनाशी झाली. प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर पैसे देऊन छापविलेला जाहिरातवजा मजकूर आणि त्यातील खूण नसलेले दुवे यांकडे जाणकारांनी त्या वेळी बोट दाखविले होते. कंपनी सुमारे ११ दिवसांनी पूर्वस्थानी आली.

एप्रिल २०१२ मध्ये गुगलने ‘पेंग्विन’ नावाची पद्धत अमलात आणली आणि असे बनावट दुवे यंत्राकरवीच हुडकले जाऊ लागले. २०१६ पासून त्या पद्धतीचा रोख काहीसा बदलला. बनावट दुव्यांबद्दल दरवेळी शिक्षा करण्याऐवजी बहुतेक वेळा ते मोजणीतून वगळले जातात. वरवर पाहता ही सवलत वाटते. प्रत्यक्षात ग्राहकाच्या दृष्टीने यात निराळाच धोका आहे. शिक्षा झाली तर ‘सर्च कन्सोल’ या गुगलच्या विनामूल्य साधनात तशी सूचना दिसते; दुवे मुकाट्याने वगळले गेले तर काहीच दिसत नाही. संस्था दरमहा दुव्यांची यादी पाठविते, गट दरमहा पैसे भरतो, आणि क्रमांक जेथल्या तेथे राहतो.

न्यूनतम दराचा प्रश्न

शासकीय आणि सहकारी व्यवहारात तीन दरपत्रके मागवून न्यूनतम दराची निवड करण्याची प्रथा रुळलेली आहे. सिमेंटची पोती किंवा शाळेची बाके घेताना ती योग्यच आहे, कारण मालाचा दर्जा आधी ठरविता येतो. दुव्यांच्या बाबतीत मात्र ‘प्रत्येक दुव्यास इतके रुपये’ असे दरपत्रक मागविले, की सर्वांत निकृष्ट दुवे विकणारा आपोआप निवडला जातो. जो दुवा कोणालाही, कितीही प्रमाणात आणि स्वस्तात मिळू शकतो, तो शिफारस म्हणून निरुपयोगी असतो. (मराठीत ‘दुवा’ या शब्दाचा दुसरा अर्थ आशीर्वाद असा आहे, तोही घाऊक भावाने मिळत नाही.)

विक्रेते आपल्या मालाचा दर्जा दाखविण्यासाठी ‘डोमेन अथॉरिटी’ किंवा ‘डोमेन रेटिंग’ असे शंभरपैकी गुण सांगतात. हे गुण मॉझ, एचरेफ्स अशा खाजगी कंपन्यांनी आपापल्या अंदाजाने दिलेले असतात. गुगलचा त्यांच्याशी संबंध नाही. गुगलने स्वतःचे पेजरँक गुण जनतेला दाखविणे २०१६ सालीच बंद केले. तुलनेसाठी या गुणांचा थोडा उपयोग होतो, परंतु करारात त्यांनाच मालाची प्रत मानणे चुकीचे ठरेल.

मग पैसे द्यावयाचे कशाचे? श्रमांचे. चांगली संस्था दुवे विकत नाही, दुवा मिळण्याजोगे काम करून देते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता समजा, गटाने खरा हापूस कसा ओळखावा, पेटीतील फळ घरी कसे पिकवावे, कोणत्या महिन्यात कोणत्या भागातील आंबा बाजारात येतो, याची स्वानुभवावर आधारलेली सचित्र माहिती आपल्या संकेतस्थळावर दिली. वृत्तपत्राचा वार्ताहर, पाककृती लिहिणारी गृहिणी, कृषी महाविद्यालयातील अध्यापक यांना अशा पानाचा दाखला द्यावासा वाटेल. ही माहिती नीट मांडणे, ती योग्य व्यक्तींच्या नजरेस आणणे, गटाचे नाव आधीच जेथे छापले गेले आहे पण दुवा दिलेला नाही तेथे विनंतीपत्र पाठविणे, जुने तुटलेले दुवे दुरुस्त करून घेणे, ही संस्थेची कामे होत. ती चिकाटीची आणि वेळखाऊ आहेत. अशा सुधारणांचे फळ दिसण्यास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गुगलनेच सांगितले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाच देता येत नाही, हेही त्याच कंपनीने स्पष्ट केलेले आहे. काही विक्रेते हमी देतात आणि पाळूनही दाखवितात. मात्र ती ज्या शब्दांसाठी असते, ते शब्द एवढे लांबलचक आणि आडवळणी असतात, की त्यांचा शोध दुसरे कोणी घेतच नाही.

करार करण्यापूर्वी संस्थेशी होणाऱ्या पहिल्याच बोलण्यात पुष्कळसे कळून येते. दुवा कोणत्या स्थळांवर येणार आणि तो कशामुळे मिळणार, हे ती आधी सांगते काय? ‘ती आमची व्यवसायगुप्तता आहे’ असे उत्तर आले, तर तेथेच थांबणे श्रेयस्कर. पूर्वीच्या दोन-तीन ग्राहकांशी दूरध्वनीवर बोलण्यास तिची हरकत आहे काय? आपल्या व्यवसायाविषयी, हंगामाविषयी, ग्राहकांविषयी ती उलट प्रश्न विचारते काय? दुव्यासाठी निरनिराळी नैसर्गिक शब्दरचना असेल, की प्रत्येक ठिकाणी ‘स्वस्त हापूस आंबा’ हेच शब्द घातले जातील? एकच शब्दसमूह सर्वत्र आढळणे हे बनावटीचे ठळक लक्षण समजले जाते. प्रारंभी संस्थेला सर्च कन्सोलमधील माहिती केवळ पाहण्याचा अधिकार द्यावा, बदल करण्याचा नव्हे. करारात दुव्यांची संख्या न लिहिता कामे लिहावीत. प्रत्येक महिन्यास कोठे पत्रव्यवहार झाला व काय निष्पन्न झाले याचा तपशील मागावा, आणि नियमबाह्य दुवे आढळल्यास ते स्वखर्चाने काढण्याची जबाबदारी संस्थेवर ठेवावी. लहान गटाला यांपैकी अर्धे काम स्वतःच करता येते. पदवीपर्यंत शिकलेला एखादा तरुण सभासद आठवड्यातून दोन तास देऊ शकत असेल, तर पहिले वर्ष संस्थेविनाही निभावते.

शाळा व ग्रामपंचायतींची स्थळे

दुवे विकणाऱ्यांचे लक्ष शाळा, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये यांच्या संकेतस्थळांकडेही असते, कारण अशा स्थळांवर जनतेचा विश्वास असतो. मुख्याध्यापकांना एखादा ‘विनामूल्य माहितीपर लेख’ देऊ केला जातो आणि त्याच्या पोटात कर्जाच्या किंवा जुगाराच्या व्यवसायाचा दुवा लपविलेला असतो. भारत सरकारच्या शासकीय संकेतस्थळविषयक मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये प्रथम निघाल्या आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. बाहेरील दुवे कोणत्या निकषांवर द्यावयाचे, याचे धोरण प्रत्येक कार्यालयाने ठरवावे व जाहीर करावे, अशी त्यांत अपेक्षा आहे.

याहून दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी. अनेकदा ती स्थळ तयार करणाऱ्या ठेकेदाराच्या नावे असते आणि मुदत संपली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मोकळे झालेले नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि जुन्या दुव्यांच्या लोभाने ते घेतले जातेही. मार्च २०२४ मध्ये गुगलने या प्रकाराचा आपल्या निषिद्ध गोष्टींत नावानिशी समावेश केला. परंतु कालपर्यंत जेथे शाळेचा निकाल लागत होता तेथे जुगाराची जाहिरात दिसू लागली, तर पालकांना त्या नियमाचा उपयोग नाही. नोंदणी शाळेच्या किंवा गटाच्या नावे करून घेणे, नूतनीकरणाची तारीख मालमत्ता नोंदवहीत लिहून ठेवणे आणि पदाधिकारी बदलताना परवलीच्या शब्दांचा कार्यभारही लेखी सोपविणे, एवढ्यासाठी कोणत्याही संस्थेची नेमणूक करावी लागत नाही.